योगिताचं प्रस्थान आणि सरकारी अर्धं वर्ष

॥ श्री ॥
लिंबायत, सुरत.
रामनवमीचा आदला दिवस, सन १९९९

बालमित्र सुपडू यास,

चौथीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरून किसनचा कडकडून रामराम. हे पत्र हाती पडेल तेव्हा तू अमळनेरला ओट्यावर सावली धरून बसलेला असशील, चष्मा आत खुंटीवर राहिला असेल, आणि सुभद्रावहिनी तो आणून देता देता तुला दोन शब्द ऐकवत असतील, हे मला इथून स्वच्छ दिसतं आहे. (माझा स्वतःचा चष्मा मात्र सकाळपासून दिसत नाही. हे पत्र मी हेमराजच्या चष्म्यातून लिहितो आहे, तेव्हा ओळी चढावर गेल्या तर समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला उन्हाळ्यानं सुटला का? भरीत अजून पूर्वीसारखंच होतं, की वहिनींनी डॉक्टरचं ऐकून तिखट कमी केलं? माझी प्रकृती उत्तम. दात गेले, पण अडतं ते फक्त ‘त’पासून ‘न’पर्यंतच्या अक्षरांवर, आणि नेमक्या सगळ्या चांगल्या कवितांना तीच अक्षरं जास्त आवडतात, हा माझा या वर्षीचा शोध आहे.

पत्रास विशेष कारण काही नाही. सहज खुशाली कळवावी, एवढंच. येत्या चैत्री पौर्णिमेला इथे माझं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आहे, पण या वयात तुला प्रवासाची दगदग नको, म्हणून मी आमंत्रण मुद्दामच देत नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं आहे. कोणी मागावर आहे, कोणी रिक्षा चालवतो, कोणी बाजारात कापडाच्या गाठी वाहतो, आणि सगळ्यांची पोटं सुटली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की होमहवन थोडक्यात आटपायचं, चंद्राला अर्घ्य द्यायचं, आणि मग शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी हात जोडून जुन्या कविता चालीवर म्हणायच्या, जशा मी त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचो तशा. मी म्हटलं, माझी एकच अट. पुढे उभं राहून चाल धरून देईल ती योगिता. ती नसेल तर चंद्राला म्हणावं, तूही नाही आलास तरी चालेल.

योगिता म्हणजे हेमराजची मोठी, माझी नात. (लहानपणी तुझ्याकडे आमरसाच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालणारी ती हीच.) तिला मी पाळण्यात असल्यापासून कविता ऐकवल्या, त्यामुळे तिला रडतानासुद्धा लय सापडायची. तिनं मोठेपणी शिक्षिका व्हावं असं माझं स्वप्न होतं. ती झाली साड्यांची चित्रकार. कागदावर नाही बाबा, संगणकावर! तिचा शेठ दुबईत, कापड छापलं जातं जकार्तात, नेसणाऱ्या बायका मॉरिशसच्या, आणि नक्षी काढणारी आमची पोरगी लिंबायतला स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या जुडीशेजारी बसलेली. स्वयंपाकघरात अशासाठी, की टेलिफोन बसवायला आलेल्या माणसाला आमच्या घरात तेवढी एकच भिंत कोरडी सापडली. नक्षी तयार झाली की ती टेलिफोनच्या तारेतून दुबईला जाते. ती जात असताना यंत्रातून असा आवाज येतो, जणू घुबडाला पडसं झालं आहे आणि ते तशातही गाणं सोडत नाही. त्या वेळात कोणीही फोन उचलायचा नाही असा घरात कडक नियम आहे. पण समोरच्या मालतीबाईंचे फोन आमच्याकडे येतात. त्यांची लेक कामरेजला दिली आहे, तिचे दिवस भरत आलेले, आणि मालतीबाई मिनिटामिनिटाला येऊन ‘आलता का फोन?’ म्हणत रिसीव्हर उचलून कानाला लावून बघणार. असाच त्यांनी एकदा उचलला, आणि पदरावरचा मोर मानेपर्यंतच दुबईला पोचला. डोकं स्वयंपाकघरातच राहिलं. योगिता कपाळाला हात लावून बसली. पण तिकडे शेठला वाटलं ही नवी फॅशन. त्यानं तो बिनडोक्याचा मोर तसाच जकार्ताला पाठवला, तसाच छापला, आणि म्हणे एवढा खपला, की त्याच नमुन्यात आता बदक मागवलं आहे. नमुन्याची एक साडी भेट म्हणून आमच्याकडेही आली. सुनंदानं (म्हणजे आमच्या सूनबाईंनी) ती कपाटात अगदी खाली ठेवली, कारण तिला त्या मानेकडे बघवेना.

तर अशी ही पोरगी काही महिने दुबईला, काही महिने इथे, मध्येच पंधरा दिवस कोलंबोला, जिथे भिंतीतून तार बाहेर येते तिथे तिचं ऑफिस. आपल्या वेळी माणूस नोकरीला जायचा, सुपडू. आता नोकरीच माणसाच्या पाठीमागे डबा घेऊन फिरते. मला यात पुष्कळ काव्य दिसत होतं आणि मी त्यावर ‘पाखरा’ वगैरे शब्द घालून आठ ओळी रचल्याही होत्या. तेवढ्यात भाईदास आला.

भाईदास हा माझा विद्यार्थी. कवितेत इतका कच्चा, की त्याचं अर्धं बालपण बाकावर उभं राहण्यात गेलं. (त्यामुळे त्याला खिडकीबाहेरचं जग इतरांपेक्षा लवकर दिसलं, असं तो स्वतःच सांगतो.) आता तो रिंग रोडला एका साडी मार्केटच्या वर खोली घेऊन लोकांना कराचा सल्ला देतो, अर्धा गुजरातीत, अर्धा अहिराणीत, आणि माझ्यापुढे आला की घाबरत घाबरत पुस्तकी मराठीत. त्यानं योगिताला खुर्चीत बसवून विचारलं, की बाई, तू काम करतेस ते नेमकं कुठे होतं? योगिता म्हणाली, संगणकात. हेमराज म्हणाला, दुबईत, कारण पगार तिथला. सुनंदा म्हणाली, माझ्या ओट्यावर, आणि त्यापायी मला पोळ्या लाटायला जागा नाही. मी म्हणालो, कलावंताचं काम त्याच्या अंतःकरणात होतं. भाईदासनं चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पाणी मागितलं.

मग त्यानं जे सांगितलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगतो. इथे बसून काढलेल्या नक्षीवर इथला कर, त्याबद्दल वाद नाही, तो योगिता मुकाट्यानं भरते. दुबईत बसून काढलेल्या नक्षीवर दुबईवाले काहीच घेत नाहीत. पण सरकारचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं, आणि त्या वर्षात जर माणूस अर्ध्याहून जास्त काळ इथे राहिला, तर सरकार म्हणतं, तू आमचा. मग तू जगात कुठेही बसून कमावलेलं असो, ते आमच्यापुढे मांड आणि त्यावर कर दे. योगिता या वर्षी इथे पुष्कळ राहिली होती. (मला मलेरिया झाला तेव्हा ती दोन महिने हललीच नाही.) आता अर्ध्या वर्षाचा काठ अगदी पायाशी आला होता. भाईदासनं बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि म्हणाला, “फाल्गुनी अमावस्येच्या दिवशी हिनं विमानात बसलंच पाहिजे, गुरुजी. एक रात्र जास्त झाली, का दुबईचं सगळं इकडं मोजलं जाईल.” हे ऐकून हेमराजच्या डोळ्यांसमोरून घराचा वरचा मजला उडून गेला. तो मजला अजून बांधलेला नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोर तो खिडक्यांसकट उभा असतो.

मी म्हटलं, अरे भाईदास, पौर्णिमा त्यानंतर पंधरा दिवसांनी आहे! त्यानं कॅलेंडर पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. चैत्री पौर्णिमा यंदा बरोबर एकतीस मार्चला. सरकारी वर्षाचा शेवटचा दिवस! हजार चंद्रांत एकालाही कधी हिशेबाची घाई नव्हती, आणि माझा नेमका हा चंद्र वर्षअखेरीला उगवणार. भाईदास म्हणाला, गुरुजी, कार्यक्रम मे महिन्यात घेऊ. कारण योगिता एकदा तिकडे गेली की शेठ तिला मेपर्यंत सोडत नाही. मेमध्ये माझे सगळे विद्यार्थी लग्नांना गावाकडे जातात. शिवाय ऐंशी ओलांडलेल्या माणसानं चंद्र पुढे ढकलायचे म्हणजे अंमळ धाडसच. योगिता उठून आत गेली आणि बदक काढत बसली.

मी दोन दिवस उदास होतो. उदास झालो की मला वृत्तं सुचतात, हे तुला माहीत आहेच. मी भाईदासचा तो नियमच भुजंगप्रयातात बसवला. म्हणून बघ, शाळेच्या प्रार्थनेच्या चालीवर अगदी फिट्ट बसतो:

इथे अर्ध वर्षाहुनी जो रहातो,
जगाची कमाई इथे दाखवीतो;
कमी राहिला तो फिरे मोकळाची,
तयाला न भीती तिथील्या धनाची.

भाईदासला ही इतकी आवडली, की त्यानं ती ऑफिसात काचेखाली लावली आहे. गिऱ्हाइकं आली की तो ती चालीवर म्हणून दाखवतो. आयुष्यात त्याला पाठ झालेली ही पहिली कविता. (‘तिथील्या’ हा शब्द शुद्ध नाही, हे मला माहीत आहे. तू पत्रातून दाखवून देऊ नकोस. मात्रा भरायला शुद्धलेखन येत नाही.)

पण मग तिकिटाचा दिवस अमावस्या! हे प्रथम सुनंदाला खटकलं. आता अमावस्येला पोरीला समुद्रापलीकडे धाडायचं, ही गोष्ट आमच्या गल्लीत कोणी ऐकूनसुद्धा घेणार नाही. अलीकडचा दिवस घ्यावा तर तिकिटं नाहीत, पलीकडचा घ्यावा तर सरकार. तेव्हा मी शांतपणे म्हणालो, यात विचार कसला करायचा? प्रस्थान ठेवू. तुझ्या थोरल्या काकांनी अमळनेरला शेवटपर्यंत पाळलेली रीत. निघायचा दिवस वाईट असला, की त्याआधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं गाठोडं शुभ वेळेला शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरायचं. मग प्रत्यक्ष पाऊल कुठल्याही दिवशी उचला, बाधा नाही. जाताना तेवढं गाठोडं काखोटीला मारायचं.

आणि हे बोलता बोलता, सुपडू, माझ्या डोक्यात वीज चमकली. गाठोडं निघालं की माणूस निघाला असं जर शास्त्रच म्हणतं, तर गाठोडं मालतीबाईंकडे आणि योगिता आमच्याकडे, असं पौर्णिमेपर्यंत राहायला कोणाची हरकत आहे? ती इथे असेलही, आणि गेलेलीही असेल! मी त्याच पावली रिक्षानं रिंग रोडला गेलो. भाईदासनं माझं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर तेच भाव होते, जे पूर्वी मी त्याला कविता म्हणायला उभं करायचो तेव्हा असायचे. शेवटी पुस्तकी मराठी सुटली आणि तो हात जोडून म्हणाला, “गुरुजी, सरकारले गाठोडं नही दिसत. सरकारले पासपोर्टवरला शिक्का दिसस.” मी विचारलं, वर लिहून कळवलं तर? साहेबही कुठल्या तरी आईच्याच पोटी आला असेल, त्याच्या घरीही प्रस्थान ठेवत असतील. भाईदास म्हणाला, ठेवत असतील गुरुजी, पण ऑफिसात येताना घरी ठेवून येतात.

झालं. मी खाली मान घालून परतलो. तरी प्रस्थान ठेवायचं ते ठेवलंच. चांगला दिवस पाहून एका पिवळ्या फडक्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, योगिताची एक ओढणी असं मी स्वतः मांडलं. सगळे भोवती उभे होते. मी म्हटलं, ज्याच्यावाचून प्रवास अडतो अशी एक वस्तू यात हवी, अशी रीत आहे. सुनंदानं डोकेदुखीची गोळी घातली. गाठ योगितानं मारली, कारण माझ्या बोटांनी आता गाठी बसत नाहीत. मालतीबाईंनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “आते हाई गाठोडं कोणी सोडावं नही. पोर जाई तवयच निंघी हाई.” म्हणजे पोरगी जाईल तेव्हाच ते बाहेर निघणार. तेव्हापासून त्या योगिताशी बोलताना ‘ती गेली तेव्हा’ असंच बोलायच्या. भाजी दिली तर म्हणायच्या, योगिताले आवडे ही. पोरगी समोर बसून तीच भाजी खात असायची.

मग अमावस्या उजाडली. दुपारी मुंबईची गाडी, तिथून विमान. दहाच्या सुमाराला योगिता पर्स उघडून म्हणाली, “मम्मी, पासपोर्ट दिसत नाही.” आधी सगळे हसले. मग घर उलटंपालटं झालं. गाद्या झाल्या, डबे झाले, संगणकाच्या पाठीमागे हात घालून झाले (तिथे माझा मागच्या वर्षीचा चष्मा सापडला). हेमराजनं तर तांदळाचं पिंप उपडं केलं. आणि मग सुनंदा मध्येच थांबली, माझ्याकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मामंजी, ज्याच्यावाचून प्रवास अडतो ती वस्तू.” सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. खरं सांगू का? तो मी गाठोड्यात ठेवला असं मला काही आठवेना. पण ठेवला नाही असंही आठवेना. या वयात हात स्वतंत्रपणे कामं करतात आणि डोक्याला कळवत नाहीत. मी म्हटलं, असेल बाबा, ठेवला असेल.

धावत समोर गेलो, तर मालतीबाईंच्या दाराला हे एवढं कुलूप! पहाटेच कामरेजहून माणूस आला होता. लेकीला कळा लागल्या म्हणून बाई तशाच निघून गेल्या, किल्ली पदराला. हेमराजनं दगड उचलला. पण सगळी गल्ली आडवी आली. बाळंतपणाला गेलेल्या बाईचं कुलूप अमावस्येला फोडतोस? शेवटी तो स्कूटर काढून कामरेजला सुटला. कामरेजला कळलं, पोरीला कडोदऱ्याच्या दवाखान्यात हलवलं. हा कडोदऱ्याला. तिथे मालतीबाई दवाखान्याच्या पायरीवर आनंदानं रडत बसलेल्या, नुकतीच नात झाली होती. किल्ली मागितली तर म्हणाल्या, पहिलं पोरीचं तोंड बघ, मग किल्ली. तोंड बघितलं तर म्हणाल्या, आता बर्फी खा. बर्फी खाल्ली तर म्हणाल्या, गल्लीसाठी ने. हेमराज दिवेलागणीला परत आला तेव्हा त्याच्या एका हातात किल्ली होती, दुसऱ्या हातात बर्फीचा पुडा, आणि मुंबईची गाडी कधीच वलसाड ओलांडून गेली होती. गाठोडं सोडलं. सुपारीखाली पासपोर्ट!

हेमराज पायरीवर बसला आणि म्हणाला, गेला वरचा मजला. मी त्याच्या शेजारी बसलो, चेहरा गंभीर ठेवला, आणि आतून, सुपडू, माझं मन इतकं उड्या मारत होतं, की मला भीती वाटली, बाहेर दिसेल. सुनंदा आठवडाभर डोळे पुसत पदार्थांचे डबे भरत होती, ती एकदम उठली आणि पुरणाची डाळ भिजत घातली. दुसऱ्या दिवशी पाडवा! पोरगी पाडव्याला घरात! गुढीला नवी साडी हवी, तर योगितानं कपाटाच्या तळातून तो बिनडोक्याचा मोर काढला. मी म्हटलं, अगं, अपशकुनासारखं दिसेल. पण गुढी उभी केली, वर तांब्या पालथा घातला, आणि काय सांगू तुला, तो तांब्या बरोबर मोराच्या मानेवर आला. कडुलिंबाचा डहाळा मागे तुऱ्यासारखा. सकाळच्या उन्हात असा झळकला, की गल्लीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. दुबईपर्यंत जाऊन जे डोकं मिळालं नाही, ते आमच्या माळवदावर मिळालं.

भाईदास पाडव्याच्या जेवणाला आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी पुरणपोळ्या संपवल्या (त्याबाबतीत त्याचा अभ्यास पहिल्यापासून पक्का), मग म्हणाला, की गुरुजी, योगिताची गाडी चुकली हे काल रात्री ऐकून मी पहिल्यांदाच कायद्याचं पुस्तक दुसऱ्या बाजूनं वाचलं. इतके दिवस बाहेर कसं राहायचं तेवढंच बघत होतो. जे इथेच राहतात त्यांच्यासाठी काय लिहिलंय ते उघडूनच पाहिलं नव्हतं. तर त्यात असं आहे, म्हणे, की जो इथला रहिवासी आहे, आणि चित्रकार, लेखक, गवई असा कलावंत आहे, त्यानं परदेशातून आपल्या कलेचं जे मिळवून इकडे आणलं, त्यातल्या मोठ्या हिश्शावर सूट! अट एकच, माणूस इथला हवा. बाहेरचा म्हणवून घेतलं तर हे मिळत नाही.

हेमराज पाटावरून अर्धा उठला. वरचा मजला, निदान जिन्यापर्यंत, त्याला पुन्हा दिसायला लागला. पण भाईदास म्हणाला, थांबा, साहेब विचारतील, साडीच्या पदराला कला म्हणायचं का? यावर मी अर्धा तास बोललो. आपल्या गावातल्या बायका तुळशीपुढे रांगोळी काढायच्या, लग्नात भिंतींवर हत्ती काढायच्या, तिथपासून सुरुवात केली आणि मोरापर्यंत आणून सोडलं. भाईदासच्या डोळ्यांत पाणी आलं. (मिरचीचा ठेचा त्याच्या डावीकडे होता, पण माझा त्याच्यावर विश्वास आहे.) तो म्हणाला, साहेब मानतील की नाही ते सांगता येणार नाही, पण मी मांडतो, आणि गरज पडली तर गुरुजींनाच घेऊन जातो. योगिता एवढंच म्हणाली, “नाही मानलं तर भरीन ना टॅक्स, आजोबा. एवढं काय?” आणि तिनं माझ्या पानात तुपाची धार धरली. शेठला तिनं फोनवर कळवलं, तर तो म्हणाला, बदक झालं असेल तर तिथूनच पाठव. तू एप्रिलमध्ये आलीस तरी चालेल. एवढ्यासाठी आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं!

आता गल्लीत सगळे मला गाठोडंवाले गुरुजी म्हणतात. ऐंशी वर्षांत माझ्या हातून पुष्कळ बारीकसारीक गोष्टी झाल्या. पण एवढी मोठी आणि एवढी सुरेख चूक ही पहिलीच, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नव्यानं सांगतो. मालतीबाई नातीला घेऊन परवा येणार आहेत. पोरीच्या नावासाठी माझ्याकडे कविता मागितली आहे, दोन ओळी झाल्या, यमक अडलं आहे.

असो. लिहीत बसलो तर पौर्णिमा इथेच होईल. वहिनींना नमस्कार सांग, अंगणातल्या लहानांच्या डोक्यांवरून माझ्या वतीनं हात फिरव, आणि गुडघ्याला जप. आपण दोघे अजून एका बाकावर आहोत, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
किसन

ता. क. : तुला आमंत्रण देत नाही असं मी वर लिहिलं आहे, ते काट. तू आलंच पाहिजे. पौर्णिमेला सगळे जण मलाच शेवटची कविता म्हणायला लावणार, आणि ती आपण चौथीत पाठ केलेली नदीची कविता असणार, असं मीच ऐटीत जाहीर करून बसलो आहे. पहिलं कडवं येतं, दुसरं येतं, चौथं येतं. तिसरं गेलं, सुपडू. पंधरा दिवस शोधतो आहे. पुस्तक कुठे मिळत नाही, आणि विद्यार्थ्यांना विचारायची सोय नाही. मी त्यांना एकेका कडव्यासाठी उभं केलेलं आहे. तुला ते येतं हे मला पक्कं माहीत आहे. लिहून पाठवू नकोस, कागद हातात घेऊन मी वाचणार नाही. स्वतः ये, माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर बस, आणि पूर्वी सांगायचास तसं तोंड न हलवता सांग.

ता. क. दुसरा : भरताचं मी वर सहज विचारलं, असं समजू नकोस. येताना तिकडची वांगी आण. इथल्या वांग्यांना भाजलं तरी राग येत नाही.

सुपडूआजोबा, नमस्कार. मी योगिता. आजोबांनी पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली थोडं लिहिते. पासपोर्ट मी ठेवला होता, गाठ मारताना. वाटलं होतं, निघायच्या दिवशी सापडत नाही म्हणेन आणि एक गाडी चुकवेन, म्हणजे पौर्णिमेला इथेच असेन. मालतीआजी कुलूप लावून जातील हे मला काय माहीत! प्लीज आजोबांना सांगू नका. आपल्या हातून झालं म्हणून ते इतके खूश आहेत, की रोज नवीन माणसाला सांगतात. आणि अजून एक. ते तिसरं कडवं मला पाठ आहे, त्यांनीच शिकवलंय. पण मी ते त्यांना सांगितलं, तर तुम्हाला बोलवायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही.